मेमरी कार्डाचं बिऱ्हाड

‘जागा शिल्लक नाही’ असं माझ्या फोनने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी ते मुळीच मनावर घेतलं नाही. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. शाळेत ऐकलं, बसमध्ये ऐकलं, एकदा तर कळ दाबून उभा असताना दवाखान्याच्या बाकावरही ऐकलं. थोडा वेळ थांबलं की कुठेतरी जागा होते, असा माझा अनुभव. पण फोन माणसासारखा सरकून घेत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

झालं काय, की मी ऑफिसच्या आवारात स्कूटर लावली की त्या जागेचा फोटो काढतो. आवार मोठं, स्कूटर करड्या रंगाची आणि तिथल्या निम्म्या स्कूटरी करड्याच. त्या दिवशी फोनने फोटो काढायला नकार दिला. संध्याकाळी मी इतरांच्या स्कूटरींना किल्ली लावत फिरत होतो आणि लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरू शकत नाही. शेवटी सगळं आवार रिकामं झालं तेव्हा जी उरली ती माझी, असा शोध लागला.

घरी आल्यावर बायकोने फोन हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“स्कूटर, स्कूटर, स्कूटर, स्कूटर... अहो, ही आता तिथे नाहीये ना?”

“नाही.”

“मग पुसून टाका की.”

पुसून टाका म्हणणं सोपं असतं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसतो. आलेला कागद जपून ठेवणं आमच्या रक्तात आहे. शिवाय फोनमध्ये नुसत्या स्कूटरी नव्हत्या. वरच्या मजल्यावरून आमच्या न्हाणीघरात पाणी गळतं त्याचे बाबांनी काढलेले व्हिडिओ होते. प्रत्येक व्हिडिओत एक थेंब पडतो, मग बराच वेळ काही होत नाही, मग दुसरा थेंब पडतो आणि मागून बाबांचा आवाज येतो, “पुरावा.” ते पुसायची माझी काय, वरच्या मजल्यावाल्यांचीही छाती झाली नसती.

आमचे बाबा मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर म्हणून निवृत्त झाले. शंभरेक दांडगट पोरांना त्यांनी नुसत्या खाकरण्यावर धाकात ठेवलं. आता त्या धाकासाठी घरात मी एकटाच उरलोय. त्यांचा साधा बटणांचा फोन मागे एकदा बादलीत पडून वारला. तेव्हापासून त्यांचं सिम माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत मुक्कामाला होतं. त्यांना फोन फारसे येत नसत. आले तर मी फोन नेऊन द्यायचो आणि ते उभं राहून बोलायचे.

तर, जागेचा प्रश्न. तो आमच्या शेजाऱ्यांच्या कानावर गेला. या गृहस्थांना आख्खी बिल्डिंग ‘अनुभवी’ म्हणते. कुठलंही संकट घेऊन जा, ते आधी त्यांच्यावर येऊन गेलेलं असतं.

“मेमरी कार्ड टाका,” अनुभवी म्हणाले. “माझ्या मेव्हण्याचा फोन असाच तुंबला होता. कार्ड टाकलं, आता त्यात घोडा धावेल.”

“घोडा?”

“बोलायची पद्धत हो. पण एक लक्षात ठेवा. कार्ड टाकलं की फोन विचारतो, पोर्टेबल ठेवू की इंटरनल करू? पोर्टेबल म्हणजे पाहुणा. इंटरनल म्हणजे घरजावई. बेधडक इंटरनल करा. फोन आणि कार्ड एकजीव होतात. परत म्हणून जागेचं नाव काढावं लागत नाही.”

‘घरजावई’ हा शब्द वाईट निघाला. तो ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण अनुभवी स्वतः सासुरवाडीच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या दृष्टीने तो कौतुकाचाच शब्द असणार.

दुकानदाराने काउंटरवर दोन कार्डं ठेवली. “चांगलं देऊ, की चालेल असं देऊ?”

मध्यमवर्गीय माणसाने या प्रश्नाचं जे उत्तर द्यायचं ते मी दिलं. पुढे ते कार्ड खरोखरच चालायचं. धावायचं मात्र नाही.

फोनच्या कडेला एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसली की आतला इवलासा ट्रे बाहेर येतो. मी चुकून प्रथम माइकच्या भोकात टाचणी खुपसली, पण तो विषय वेगळा. ट्रे बाहेर आल्यावर त्यात दोनच खाचा दिसल्या. पहिलीत माझं सिम, दुसरीत बाबांचं. कार्डाला जागा कुठे? त्यावर अनुभवींनी खुलासा केला, “दुसऱ्या खाचेत सिम तरी बसतं, नाहीतर कार्ड. दोन्ही नाही.”

मी क्षणभर विचार केला. बाबांना आठवड्यात एखादा फोन येणार, तोही कर्ज हवं का विचारणारा. मी त्यांचं सिम काढून कागदाच्या कपट्यात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. बाबांना सांगितलं नाही. वाईट हेतूने नव्हे. ते पेपर वाचत होते, आणि पेपर वाचणाऱ्या रेक्टरला ‘मी तुम्हाला बाहेर काढलंय’ असं कुठल्या तोंडाने सांगणार?

कार्ड बसवलं. फोनने प्रश्न विचारला. मी बेधडक ‘इंटरनल’वर बोट ठेवलं. मग फोन म्हणाला की हे कार्ड मंद आहे, तरी पुढे जायचं का? आमच्या कार्यालयात या कारणावरून लोकांना थांबवलं असतं तर एकही बढती झाली नसती. मी ‘पुढे’ दाबलं. फोनने सगळी ॲप, सगळ्या स्कूटरी आणि सगळे थेंब उचलून कार्डावर नेऊन ठेवले. पडद्यावर आकडा आला, तर निम्म्याहून जास्त जागा मोकळी! मी ती बायकोला दाखवली. तिने मान डोलावली. मोकळ्या जागेचं एवढं कौतुक तिने नवीन घर घेतानाही केलं नव्हतं, असं मला तरी वाटलं.

फोन जरा जड झाला, हे खरं. एखादं ॲप उघडायला सांगितलं की तो आधी विचार करायचा, मग पुन्हा विचार करायचा, आणि माझं काय काम होतं ते मीच विसरलो की उघडायचा. पण मी सुखात होतो. स्कूटरचे फोटो दोन्ही बाजूंनी काढत होतो.

आणि मग एका सकाळी बाबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, “माझ्या हयातीच्या दाखल्याचं काय झालं? उद्या शेवटचा दिवस आहे.”

पेन्शन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. पूर्वी त्यासाठी ऑफिसात जाऊन सही करायची असे. आता ॲप आलंय. त्यात चेहरा दाखवायचा, नंबरावर आलेला ओटीपी घालायचा, की झालं. गेल्या वर्षी मी ते चुटकीसरशी केलं होतं.

“आत्ता करतो,” म्हणून मी ॲप उघडलं. यथावकाश ते उघडलं आणि म्हणालं, ‘नोंदणीकृत सिम या फोनमध्ये आढळले नाही.’

बरोबरच होतं. ते माझ्या खिशात होतं, म्हणजे कार्ड बसवलं त्या दिवशीच्या शर्टाच्या. तो शर्ट बादलीत होता. सिम सापडलं, पुसलं, वाळवलं. बाबांच्या नकळत मी न्हाणीघरात जाऊन कार्ड काढलं आणि सिम घातलं. डोक्यावर एक थेंब पडला. फोन सुरू झाला, बाबांच्या नंबराला रेंज आली, आणि ॲपचं चित्र बघतो तर काय, ते काळवंडलेलं. दाबलं की फोन म्हणायचा, ‘हे ॲप कार्डावर आहे. कार्ड घाला.’

कार्ड घातलं की सिम नाही. सिम घातलं की ॲप नाही. मी दोन्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं, जणू फोन कंटाळून एखाद्या वेळी हो म्हणेल. बाहेरून बायको म्हणाली, “अहो, बरं नाही का वाटत?”

मी गुपचूप अनुभवींकडे गेलो. “सोपं आहे,” ते म्हणाले. “कार्ड बाहेर ठेवा आणि ॲप नव्याने उतरवून घ्या. मेव्हण्याने तेच केलं.” तसं केलं. नवं ॲप आलं, ओटीपी आला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच संदेश आला, ‘या क्रमांकाचे ॲप आधीच कार्यरत आहे. प्रथम तेथून बाहेर पडा.’

तेथून म्हणजे कार्डावरून. कार्ड माझ्या तळहातावर होतं. बाबा त्याच्या आत होते, आणि त्यांना बाहेर कसं बोलवायचं ते मला माहीत नव्हतं.

“मग मेव्हण्याने काय केलं?” मी विचारलं.

“त्याने नवीन फोन घेतला,” अनुभवी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेन्शन ऑफिसात गेलो. बाबा आणि बायको रिक्षाने, मी स्कूटरने. ‘काहीतरी तांत्रिक अडचण आहे’ एवढंच मी सांगितलं होतं. ऑफिसात खिडकी होती, खिडकीसमोर रांग होती, आणि त्या रांगेत उभं राहताना मला प्रथमच जाणवलं की आमच्या खिडकीसमोर लोक एवढे चिडलेले का असतात. जाणवलं तेवढंच. उगाच खोटं कशाला बोला?

आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाई शांत आवाजाच्या होत्या.

“हे माझे वडील,” मी म्हणालो. “हे बघा, समोर उभे आहेत. जिवंत आहेत.”

बाबा खाकरले. रांगेतली दोन माणसं आपसूक सरळ झाली.

“मला दिसतंय हो,” बाई म्हणाल्या. “पण मला दिसून उपयोग नाही. कागद घेणं बंद झालंय. ॲपला दिसायला हवं.”

“ॲप कार्डात अडकलंय.”

“मग जुनी नोंदणी रद्द करू. मी लिंक पाठवते.”

“पाठवा, पाठवा!”

“ती नोंदणीकृत सिमवर येईल. ती जुन्या ॲपमध्ये उघडायची.”

म्हणजे पुन्हा सिम आणि कार्ड, दोन्ही एकदम हवीत. बाईंनाही बहुधा दया आली असावी. “आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “नाहीतर यांची फेरचौकशी होईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे हयात आहेत का, याची.”

आम्ही भिंतीकडच्या बाकावर येऊन बसलो. बाबांचा चेहरा उतरला होता. काठीवर दोन्ही हात ठेवून ते समोर बघत होते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेतली, त्याची हजेरी कोणी घेत नव्हतं. म्हटलं, आता सांगून टाकावं.

“बाबा, चूक माझी आहे. मी फोनमध्ये जागा व्हावी म्हणून कार्ड घातलं. त्यासाठी तुमचं सिम काढावं लागलं.”

“मला काढलंस?”

“सिमला काढलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही पेपर वाचत होतात.”

बायको छताकडे बघू लागली. बाबांनी काठी बाकाला टेकवली. मग त्यांनी विचारलं, “नीट सांग. त्या फोनात खोल्या किती?”

“खाचा. दोन.”

“आणि मुलं किती?”

“मुलं? तीन म्हणा. तुमचं सिम, कार्ड आणि माझं सिम.”

“तुला कुठली दोन एका वेळी आत हवीत?”

“तुमचं सिम आणि कार्ड. पण ती दोघंही दुसऱ्याच खोलीत राहतात ना! तीच तर...”

“पहिल्या खोलीत कोण आहे?”

“मी. म्हणजे माझं सिम.”

“मग तू तिथे काय करतोयस?” बाबा म्हणाले. “व्हरांड्यात जा.”

मी बाबांकडे बघितलं. बायकोने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ती जी हसायला लागली ती पदर तोंडावर घेऊनही थांबेना. दोन दिवस मी, अनुभवी आणि अनुभवींचा मेव्हणा असे तिघं या प्रश्नाशी झुंजत होतो. माझं सिम काढावं हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते तिथे होतंच. घरात खांब असतो तसं.

“टाचणी आहे का?” मी रांगेला विचारलं. नव्हती. कागद बंद झाल्यापासून त्या ऑफिसात टाचणीही मिळत नव्हती. शेवटी बायकोने कानातलं काढून दिलं. ट्रे बाहेर आला. माझं सिम मी सन्मानाने शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि बाबांचं पहिल्या खाचेत ठेवायला जातो तोच ते बोटावरून निसटलं.

“हलू नका!” बाबा गरजले.

आख्खं ऑफिस थिजलं. बंद पंख्याखाली बसलेला एक माणूस वारा घेत होता, त्यानेही हातातली फाइल मधेच थांबवली. मी गुडघ्यांवर बसून फरशी शोधू लागलो. खिडकीतल्या बाईंनी मान बाहेर काढून “डावीकडे बघा” म्हटलं, रांगेतून कोणी “उजवीकडे” म्हटलं, आणि एका आजींनी आपली चप्पल उलटी करून दाखवली. मी बाकाखाली अर्धा शिरलो होतो तेव्हा बायको म्हणाली, “अहो, उठा जरा.”

उठलो. सिम माझ्या गुडघ्याला चिकटलेलं होतं. रांगेत खसखस पिकली. माझ्या खिडकीसमोर येणाऱ्यांपैकी कोणी त्यात नसावा, एवढीच मी मनोमन प्रार्थना केली.

सिम पहिल्या खाचेत, कार्ड दुसऱ्या. फोन सुरू झाला. बायकोने आपल्या फोनवरून नेट दिलं. कार्डावरच्या जुन्या ॲपचा काळवंडलेला चेहरा उजळला, आणि त्याच्या नेहमीच्या संथपणाने ते उघडलं. एव्हाना रांग मोडून माणसं आमच्याभोवती जमली होती.

‘चेहरा चौकटीत आणा.’ बाबांनी आणला.

‘कृपया चेहऱ्यावरील भाव नैसर्गिक ठेवा.’

“हाच नैसर्गिक आहे,” बाबा म्हणाले.

“खरंच आहे,” बायकोने फोनला सांगितलं.

‘डोळे मिटा.’

“जिवंत असल्याचं दाखवायला डोळे मिटू?”

“मिटा हो बाबा! आणि लगेच उघडा!”

बाबांनी डोळे मिटले, उघडले. ओटीपी आला, मी घातला. आणि पडद्यावर एक गोल चाक फिरू लागलं. ते फिरतच राहिलं. चालेल असं कार्ड चालत होतं. बाबांचं आयुष्य त्या चाकात गरगरत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, देवा, पुढच्या वेळी चांगलंच घेईन.

चाक थांबलं. हिरवी खूण आली. ‘अभिनंदन. आपली हयात नोंदवली गेली आहे. वैधता : पुढील वर्षापर्यंत.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी खिडकीतून हात दाखवला. बाबांनी फोन लांब धरून तो संदेश पुन्हा वाचला.

“म्हणजे आता वर्षभर मला काही होत नाही,” ते म्हणाले, आणि जिन्याकडे वळताना काठी माझ्या हातात देऊन, कठड्याला न धरता, ताठ मानेने खाली उतरले.

घरी आल्यावर माझं सिम परत घालायचा प्रश्न निघाला. बाबांनी सांगितलं, खोलीची वाटणी झालेली आहे, वर्षाच्या मध्ये खोल्या बदलून मिळत नाहीत. मी म्हटलं, मग माझे फोन कसे येणार? बायको म्हणाली, सगळ्यांना बाबांचा नंबर कळवून ठेवलाय. आठवडाभर असू दे, तोवर बाबांसाठी साधा फोन आणू.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. फोन वाजला. बाबांचा नंबर, म्हणून बाबांनीच उचलला आणि सवयीप्रमाणे उभे राहिले.

“कोण बोलतंय?... हो, इथेच राहतो तो. आपलं त्याच्याशी नातं काय?... साहेब? कुठले साहेब?... कामाचं काम कामाच्या वेळात सांगायचं. आता तो जेवतोय. जेवणाच्या वेळी फोनवर बोलावत नाहीत... उद्या सकाळी. हो. आणि वेळेवर या.”

त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या ताटाकडे बघितलं. “सावकाश जेव.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब माझ्याआधी येऊन बसले होते. कालचं काय काम होतं ते त्यांनी काढलं नाही. फक्त जाता जाता माझ्या टेबलाशी थांबून हळूच म्हणाले, “तुमच्याकडे फोन कोण उचलतं हो?”

“आमचे वडील,” मी म्हणालो.

साहेबांनी मान हलवली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

बाबांचा साधा फोन आणायचा आहे. दुकान वाटेवरच आहे. बायको रोज आठवण करते आणि मी रोज ‘हो’ म्हणतो.